ब्रेकपॉइंट लावायला शिकवता, तसा काढायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शिक्षणाच्या पानावर अभियांत्रिकीच्या मुलांनी नोकरीसाठी काय काय शिकावं यावर लेख होता. मी तो दोनदा वाचला. कोणत्या भाषा शिकाव्यात, कोणते कोर्स करावेत, मुलाखतीत कसं बोलावं, सगळं होतं. प्रोग्रॅम चुकला तर चूक कशी शोधायची याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. आणि शोधायला म्हणून जे काही लावलं, ते काम झाल्यावर काढून कसं ठेवायचं, हे तर कोणीच कधी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी ६४ वर्षांचा आहे. मूळ गाव जत तालुक्यात, आता चिंचवडला राहतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आणि नंतर पुण्यात मिळून ३१ वर्षं यंत्रांना जोडलेल्या संगणकांचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यातली निम्मी वर्षं विंडोजचे ड्रायव्हर लिहिण्यात गेली. ड्रायव्हर म्हणजे संगणकात बसवलेलं यंत्राचं कार्ड आणि विंडोज यांच्या मधला प्रोग्रॅम. तो चुकला तर नुसती एक खिडकी बंद पडत नाही, सगळा संगणक आडवा होतो. म्हणून त्याची चूक शोधायला दुसरा संगणक लागतो. दोघांमध्ये सिरीयल केबल टाकायची, एकावर चालू यंत्रणा आणि दुसऱ्यावर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायचा केडी नावाचा डीबगर, म्हणजे चूक शोधायचा प्रोग्रॅम. त्यात माउसने टिचकी मारायला काही नाही. जे करायचं ते दोन-तीन अक्षरांच्या आज्ञांनी.

साधा ब्रेकपॉइंट बहुतेकांना माहीत असतो. प्रोग्रॅम अमुक ओळीवर आला की थांब. डेटा ब्रेकपॉइंट वेगळा. तो ओळीवर बसत नाही, मेमरीतल्या एका जागेवर बसतो. या चार बाइटांत जो कोणी लिहील त्याला तिथेच थांबवायचं, मग तो कुठल्याही फाइलमधला, कुठल्याही फंक्शनमधला असो. चोर कोण हे ठाऊक नसेल तर रस्त्यावर उभं राहून उपयोग नाही, तिजोरीजवळच पहारा बसवावा लागतो. केडीत त्याची आज्ञा 'बीए'. बीए, मग लिहिण्यासाठी डब्ल्यू, मग किती बाइट ते, मग पत्ता. लावलेल्यांची यादी 'बीएल'ने दिसते. 'बीडी'ने पहारा झोपवता येतो, 'बीई'ने पुन्हा उठवता येतो आणि 'बीसी'ने कायमचा काढता येतो. पाच आज्ञा, पाच मिनिटांत पाठ होतात.

आता २००४ सालची गोष्ट सांगतो. मी ती आजवर ऑफिसबाहेर सांगितलेली नाही.

औरंगाबादजवळ वाळूजला एका कारखान्यात पंप तपासायचं आमचं यंत्र होतं. विंडोज एक्सपीचा संगणक, त्यात आमचं कार्ड, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर मी लिहिलेला. काही तास नीट चालायचं आणि मग एकाएकी सगळे पंप नापास व्हायला लागायचे. पाहिलं तर दाबाच्या मापाला ज्या आकड्याने गुणायचं, तो कॅलिब्रेशनचा आकडाच शून्य झालेला. तो आकडा शून्य कोण करतंय? दोन आठवडे मी कोडमध्ये जागोजागी छापील संदेश टाकून पाहिले. संदेश टाकले की चूक जागा बदलायची. शेवटी लॅपटॉप आणि केबल घेऊन वाळूज गाठलं. विंडोज सुरू होताना जी बूट.आयएनआय फाइल वाचते तिच्यात डीबगची ओळ घातली, केबलवरचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट ठेवला, पुन्हा चालू केला आणि त्या चार बाइटांवर बीए लावून बसलो.

चाळीस मिनिटांनी यंत्र थांबलं. माझ्या काळ्या खिडकीत ओळ उमटली. ज्याने लिहिलं ते फंक्शन माझ्याच ड्रायव्हरमधलं, नोंदवही ठेवणारं. ६४ खणांची रांग पुसायची होती आणि मी लूपमध्ये 'पेक्षा लहान'च्या जागी 'लहान किंवा बरोबर' लिहिलं होतं, म्हणून ६५ वा खणही पुसला जात होता. मेमरीत त्या रांगेला लागून कॅलिब्रेशनचा आकडा बसला होता. दोन आठवडे जे सापडलं नाही ते चाळीस मिनिटांत सापडलं. त्या क्षणी जो आनंद झाला तो मला आजही आठवतो. हे साधन मुलांच्या हातात जायलाच हवं असं मी म्हणतो ते त्या आनंदापोटी.

चूक दुरुस्त केली, नवीन ड्रायव्हर चढवला, संगणक पुन्हा सुरू केला. आणखी कोणी त्या जागेवर लिहीत नाही ना, याची खात्री करायला तोच डेटा ब्रेकपॉइंट पुन्हा लावला. तासभर पाहिलं. काही आलं नाही. संध्याकाळी सातची पुण्याची गाडी होती. मी कंट्रोल-बी दाबून डीबगर बंद केला, केबल गुंडाळली आणि निघालो.

ब्रेकपॉइंट काढला नाही.

काय झालं असेल ते या कामातल्या माणसाला लगेच कळेल, इतरांसाठी सांगतो. डेटा ब्रेकपॉइंट माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हताच. तो त्या कारखान्यातल्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये होता. इंटेलने १९८५ साली ८०३८६ आणला तेव्हापासून या घराण्याच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच छोट्या जागा, आहेत. डीआर० ते डीआर३ या चारांत पत्ते, आणि डीआर७ मध्ये कोणता पहारा चालू, कशासाठी आणि किती बाइटांवर ते. लॅपटॉप निघून गेला तरी रजिस्टरमधला पत्ता तिथेच राहतो. प्रोसेसरला कोण आलं, कोण गेलं, कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने नेहमीप्रमाणे कॅलिब्रेशन केलं. म्हणजे तो आकडा त्याने हक्काने, नियमाप्रमाणे बदलला. पहाऱ्याने त्यालाच धरलं. विंडोजला वाटलं डीबगर जोडलेला आहे, तेव्हा त्याला विचारून पुढे जाऊ. सगळं यंत्र थांबलं, माउस हलेना, कळफलक चालेना, आणि संगणक सिरीयल पोर्टवर माझ्या लॅपटॉपची वाट पाहत बसला. लॅपटॉप तेव्हा चिंचवडला माझ्या टेबलावर बंद होता.

त्यांनी वीज बंद करून पुन्हा चालू केली. वीज गेली की ती रजिस्टर रिकामी होतात, म्हणून त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. पुराव्याचा मागमूस राहिला नाही. आमच्याकडे फक्त तक्रार आली, की कॅलिब्रेशन करताना यंत्र गोठलं, दुरुस्ती झालेली नाही, बिल थांबवत आहोत.

आणि आम्ही कॅलिब्रेशनच्या कोडमध्ये चूक शोधायला लागलो. १९ दिवस. तो भाग आमच्या गटातल्या एका तरुण मुलाने लिहिला होता, लातूरचा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्याने प्रत्येक ओळ मला वाचून दाखवली. मी त्याच्यावर चिडलो. त्याचं कोड स्वच्छ होतं आणि तरी मी त्याला त्या कामावरून काढून दुसरीकडे दिलं. विसाव्या दिवशी बिलाचा हिशोब लावताना मी वाळूजच्या त्या संध्याकाळची डीबगरची लॉग फाइल उघडली. दोन वेळा बीए. पहिल्यानंतर संगणक नव्याने सुरू केलेला. दुसऱ्यानंतर बीसी नाही. खाली फाइल संपलेली.

मी साहेबांना सांगितलं, कारखान्याला पत्र लिहिलं, आणि त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. कारण वेगळं सांगितलं, पण मला ते पटलं नाही.

या डीबगरच्या मदतपुस्तिकेतच लिहिलेलं आहे, की समोरचा संगणक चालू ठेवून बाहेर पडायचं असेल तर आधी कंट्रोल-सीने त्याला थांबवा, बीसीने सगळे ब्रेकपॉइंट काढा, मग 'जी'ने मोकळा सोडा आणि शेवटी कंट्रोल-बी. मी फक्त शेवटची पायरी केली. मधली वाचली होती, पण हाताला सवय नव्हती, कारण कॉलेजात वा कंपनीत ती कोणी करवून घेतली नव्हती.

आमच्या गावाकडे विहीर फोडणाऱ्या माणसांना ही सवय होती. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी आमची विहीर खोल करायला घेतली तेव्हा मी अकरा वर्षांचा असेन. खडक लागला होता, रोज संध्याकाळी सुरुंग उडवायचे. मुकादम प्रत्येक बार भरला की एक खडा खिशात टाकायचा. वात पेटवून सगळे लांब बांधाआड जाऊन बसायचे, आणि आवाज झाला की तो एक खडा खाली टाकायचा. एकदा सात खडे होते आणि आवाज सहाच झाले. अजून उजेड होता, वडिलांना घाई होती, तरी त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणालाही विहिरीत उतरू दिलं नाही. खिशातला तो एक खडा त्याने रात्रभर तसाच ठेवला. बीएल म्हणजे तो खिसा आहे. किती भरले, किती उरले, हे आठवून सांगायचं नाही, बघून सांगायचं.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी भाची. ती पुण्यातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली होती तेव्हा तिच्या वहीत ८०३८६ च्या डीबग रजिस्टरची आकृती पाहिली. आठही रजिस्टर पट्टीने आखलेली, डीआर७ चा प्रत्येक बिट नाव घालून. डीआर४ आणि डीआर५ राखीव, हेही लिहिलेलं. मला इतका आनंद झाला की मी विचारलं, "आणि डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून पाहिलास का कधी?"

"नाही मामा, लॅबमध्ये एवढं नसतं. ही आकृती सहा मार्कांना येते."

मग आम्ही दोघं तिच्या लॅपटॉपवर बसलो. लिनक्स होतं, त्यावर जीडीबी हा डीबगर. तिथे डेटा ब्रेकपॉइंटला वॉचपॉइंट म्हणतात. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि हौसेने पाच चलांवर, म्हणजे मेमरीतल्या नाव दिलेल्या पाच जागांवर, पाच वॉच लावले. लावताना जीडीबी काही बोलला नाही. प्रोग्रॅम पुढे चालवायला गेली तेव्हा म्हणाला, पाचवा बसत नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिची वही उघडून आकृतीवर बोट ठेवलं. डीआर० ते डीआर३. चारच. "अय्या, म्हणजे हे खरंच तिथे जातं?" असं ती म्हणाली. सहा मार्कांची आकृती तेव्हा तिला पहिल्यांदा दिसली.

मग काढायची वेळ आली. तिने 'क्लिअर' टाइप केलं. नावावरून कोणालाही वाटेल की यानेच साफ होणार. त्या ओळीवरचा साधा ब्रेकपॉइंट गेला आणि वॉच सगळे जिथल्या तिथे. जीडीबीत क्लिअर हे ओळीवरच्या ब्रेकपॉइंटसाठी आहे, वॉचपॉइंटला ते हात लावत नाही. मग तिने नुसतं 'डिलीट' टाइप केलं. त्याने विचारलं, सगळे काढू का, हो की नाही. ती हो म्हणाली आणि वॉचबरोबर तिला हवे असलेले दोन ब्रेकपॉइंटही गेले. पुन्हा सगळं लावलं. तिसऱ्यांदा तिने आधी यादी काढली, नंबर बघितले आणि डिलीटपुढे नंबर देऊन एकेक काढला.

नंबरांचीही एक गंमत तिला दाखवली, कारण पुढे कामावर ती दोन्ही डीबगर वापरेल. जीडीबी एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्याला देत नाही. तिसरा काढला तरी पुढचा नवीन चढत्या क्रमानेच येतो. विंडोजच्या डीबगरमध्ये मात्र एक नंबर मोकळा झाला की पुढचा ब्रेकपॉइंट तिथेच जाऊन बसतो. म्हणजे सकाळचा एक नंबर आणि दुपारचा एक नंबर हे एकच असतील असं नाही. आठवणीतल्या नंबरावर बीसी केलं तर भलताच जातो आणि काढायचा तो राहतो. म्हणून काढायच्या आधीही यादी आणि काढल्यावरही यादी.

आणखी एक गोष्ट तिला बराच वेळ समजावत होतो. पहारा जागेवर असतो, नावावर नाही. फंक्शनच्या आतल्या तात्पुरत्या चलावर पत्ता देऊन पहारा लावला आणि फंक्शन संपलं, तर ती जागा स्टॅकमधल्या, म्हणजे अशा तात्पुरत्या चलांच्या मेमरीतल्या, दुसऱ्या कोणाला तरी मिळते. पत्ता तोच, भाडेकरू बदललेला. मग पहारा भलत्याच माणसाला धरायला लागतो आणि आपण त्या भलत्याच्या मागे दिवस घालवतो. नुसत्या नावाने वॉच लावला असेल तर फंक्शन संपताच जीडीबी तो आपण होऊन काढतो आणि तसं सांगतोही. पण पत्त्यावर लावलेला किंवा प्रोग्रॅमभर टिकणाऱ्या ग्लोबल चलावरचा राहतो. केडीत तर सगळंच पत्त्यावर, तिथे आपल्यासाठी कोणी काढत नाही. प्रोसेसरही काढत नाही. कोणता पहारा वाजला याची खूण डीआर६ मध्ये होते, तीदेखील प्रोसेसर स्वतः पुसत नाही, सॉफ्टवेअरला पुसावी लागते. तिच्या वहीत डीआर६ होता, हे वाक्य नव्हतं. तिने ते पेन्सिलने समासात लिहून घेतलं.

संपादक महाशय, माझी मागणी मोठी नाही. नवीन विषय नको, नवीन पुस्तक नको. मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिकात ही आकृती आधीच आहे, तिला जोडून एक प्रयोग ठेवा. शिक्षकांनी मुद्दाम एक चूक घातलेला प्रोग्रॅम द्यावा, ज्यात कोणीतरी शेजारच्या खणात लिहितं. मुलांनी डेटा ब्रेकपॉइंट लावून ते कोण हे शोधावं. आणि जर्नलमध्ये शेवटची ओळ यादीची असावी, रिकामी यादी, तिच्यावर शिक्षकांची सही. २५ पैकी दोन मार्क त्या ओळीला द्या. मार्क असले की मुलं करतात, आणि चार-पाच वेळा केलं की हाताला लागतं. जीडीबी फुकट मिळतो आणि साध्यात साध्या संगणकावर चालतो, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नाही.

कंपन्यांनाही सांगणं आहे. ग्राहकाच्या जागेवर जाऊन काम करणाऱ्या इंजिनिअरच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये दोन ओळी वाढवा. ब्रेकपॉइंट काढले, यादी पाहिली. डीबगची बूट ओळ काढली, संगणक पुन्हा सुरू केला. या दोन ओळी २००४ च्या डिसेंबरपासून आमच्या रिपोर्टमध्ये होत्या, मी निवृत्त झालो तोपर्यंत. तेवढ्या वर्षांत ग्राहकाकडे विसरलेल्या ब्रेकपॉइंटमुळे यंत्र थांबल्याची तक्रार आमच्याकडे पुन्हा आली नाही. त्या लातूरच्या मुलावर जे आलं ते दुसऱ्या कोणावर आलं नाही.

कोणी म्हणेल, आता कोड लिहायलाही यंत्रं आली, हे जुनं काळ्या खिडकीचं शिकून काय करायचं. माझं म्हणणं उलट आहे. जे कोड आपण स्वतः लिहिलेलं नाही त्यात कोण कुठे लिहितंय हे वाचून कळत नाही, पहारा बसवूनच कळतं. मुलांना आता हे पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

माझ्याकडे सिरीयल पोर्ट असलेले दोन जुने संगणक आणि ती वाळूजची केबल अजून आहे. चिंचवड, आकुर्डी, निगडी भागातल्या कोणत्याही कॉलेजला हा प्रयोग करून पाहायचा असेल तर मी शनिवारी सामान घेऊन यायला तयार आहे, मानधन नको. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती, कारण त्यावरून तो कारखाना आणि तो मुलगा ओळखले जातील.

परवा रविवारी भाची पुन्हा आली होती. तिच्या एका मैत्रिणीच्या प्रोजेक्टमधली चूक दोघींनी मिळून माझ्या टेबलावर बसून शोधली. जेवायला हाक मारली तेव्हा मैत्रीण लॅपटॉप मिटायला लागली. भाचीने तिचा हात धरला आणि 'इन्फो वॉचपॉइंट्स' टाइप केलं. एक शिल्लक होता. तिने तो नंबर देऊन काढला, पुन्हा यादी मागितली, ती रिकामी आलेली पाहिली आणि मग दोघी उठल्या.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड